मध्यस्थीची प्रार्थना, ख्रिस्ती

स्वतःच्या गरजेसाठी नव्हे, तर दुसऱ्याच्या हितासाठी ख्रिस्ती व्यक्तीने वा मंडळीने देवाकडे केलेली याचना म्हणजे मध्यस्थीची प्रार्थना होय. स्तुती, पापकबुली, उपकारस्मरण आणि स्वतःसाठी मागणे हे ख्रिस्ती प्रार्थनेचे अन्य प्रमुख प्रकार आहेत. आजारी, प्रवासी, बंदिवान, दुष्काळग्रस्त, राज्यकर्ते, अन्यधर्मीय, इतकेच नव्हे तर शत्रू यांच्यासाठीही ही प्रार्थना केली जाते. मराठी ख्रिस्ती व्यवहारात तिला ‘मध्यस्थी’, ‘विनवणी’ व ‘रदबदली’ असे शब्द योजिले जातात. त्यांपैकी ‘रदबदली’ हा अरबी-फार्सी वळणाचा शब्द दरबारी व्यवहारातून आलेला आहे. ज्याची दरबारी दाद लागत नाही, त्याच्या वतीने एखाद्या वजनदार माणसाने शब्द टाकणे, हा त्याचा रोख. ख्रिस्ती कल्पना मात्र एका बाबतीत याहून वेगळी आहे. येथे शब्द टाकणाऱ्यास कोणतेही वजन असावे लागत नाही; मंडळीतील निरक्षर, निर्धन वा अनाथ व्यक्तीसही तो अधिकार असतो. महाराष्ट्रातील या प्रार्थनेचा इतिहास समजून घेताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी माणसे ही मुख्यतः दूरदेशीच्या मंडळ्यांच्या प्रार्थनेचा विषय होती; पुढील शंभर वर्षांत त्यांतीलच काही इतरांसाठी प्रार्थना करणारी झाली. जातीपासून व आप्तांपासून तुटलेल्या व्यक्तींची मंडळी बनण्याच्या प्रक्रियेत या बदलाचा मोठा वाटा आहे.

शास्त्राधार : बायबलच्या जुन्या करारात सदोम नगरासाठी देवाशी जणू घासाघीस करणारा अब्राहाम, सोन्याचे वासरू पूजिणाऱ्या इस्राएल लोकांसाठी क्षमा मागणारा मोशे आणि आपणास दूषणे देणाऱ्या मित्रांसाठी प्रार्थना करणारा ईयोब ही या प्रार्थनेची ठळक उदाहरणे होत. नव्या करारात येशूने पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून केलेली विनंती आणि अटकेपूर्वी शिष्यांसाठी केलेली दीर्घ प्रार्थना (योहानकृत शुभवर्तमान, अध्याय १७) यांना विशेष स्थान आहे. पेत्र तुरुंगात असता यरुशलेमची मंडळी एका घरी जमून त्याच्यासाठी प्रार्थना करीत होती, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (अध्याय १२) सांगितले आहे. सामुदायिक मध्यस्थीचे हे आद्य उदाहरण मानता येईल. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावे व त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असा उपदेश याकोबाच्या पत्रात आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व माणसांसाठी आणि राजे व अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे. मात्र त्याच ठिकाणी देव व मानव यांमध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ होय, असेही म्हटले आहे. या दोन विधानांचा मेळ कसा घालावयाचा, हा पुढील धर्मशास्त्रीय चर्चेचा एक प्रमुख प्रश्न बनला. माणसांची मध्यस्थी स्वतंत्र नसून ख्रिस्ताच्या मध्यस्थीत सहभागी होण्याचा तो एक प्रकार आहे, असे त्याचे उत्तर सामान्यपणे दिले जाते.

प्रारंभीचा विकास : दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर याने सु. १५५ मध्ये रोमन सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात ख्रिस्ती उपासनेचे वर्णन केले आहे. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या नव्या सभासदास बंधुजनांच्या सभेत आणल्यावर सर्वांनी मिळून स्वतःसाठी, त्याच्यासाठी व सर्वत्र असलेल्या इतरांसाठी प्रार्थना करण्याचा उल्लेख आहे. टर्टलियन याने सु. १९७ मध्ये ख्रिस्ती लोक सम्राटासाठी प्रार्थना करतात, हे त्यांच्या राजनिष्ठेचे गमक म्हणून पुढे केले. प्राचीन चर्चमध्ये बाप्तिस्मा न झालेल्या उमेदवारांना या प्रार्थनेच्या आधीच निरोप दिला जाई. म्हणजे इतरांसाठी प्रार्थना करणे हे केवळ कर्तव्य नव्हते, तर सभासदत्वाबरोबर प्राप्त होणारा तो अधिकार होता. पश्चिमेकडील चर्चमध्ये पुढे हा प्रार्थनाभाग मिस्सामधून जवळजवळ लोप पावला आणि शुभ शुक्रवारच्या विधीत तो प्रामुख्याने टिकून राहिला. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत प्रॉटेस्टंट पंथीयांनी संतांची मध्यस्थी व मृतांसाठी प्रार्थना या दोन्ही गोष्टी नाकारल्या. पण जिवंतांनी जिवंतांसाठी करावयाच्या प्रार्थनेस अधिक महत्त्व दिले. टॉमस क्रॅन्मर याने सिद्ध केलेली इंग्रजी विनवणीमाला १५४४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत धर्मोपदेशकाने एकेक याचना उच्चारावी व सर्व लोकांनी तिला प्रतिसाद द्यावा, अशी रचना आहे. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन वसाहतीत १७२७ मध्ये सभासदांनी दिवसाचे चोवीस तास वाटून घेऊन अखंड मध्यस्थी सुरू केली व ती प्रथा शंभरावर वर्षे चालू राहिली.

मिशनकाळ व मराठी प्रदेश : महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याच्या मुळाशी अशाच प्रार्थनासभा होत्या. १७८४ मध्ये इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशरच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एकत्र जमून धर्मजागृतीसाठी प्रार्थना करण्याचे ठरविले. याच मंडळ्यांतून १७९२ मध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी उभी राहिली व विल्यम कॅरी बंगालमध्ये आला. त्याच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये बाहेर पडले. अमेरिकेत विल्यम्स महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी १८०६ मध्ये गवताच्या गंजीच्या आडोशाला घेतलेली प्रार्थनासभा ही तेथील परदेशी मिशनकार्याची नांदी मानली जाते. त्याच महाविद्यालयाचा पदवीधर गॉर्डन हॉल हा १८१३ मध्ये मुंबईस आला. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे आपले मोठे केंद्र उभारले. अमेरिकन बोर्डाशी संबंधित मंडळ्यांतून मासिक प्रार्थनासभेची प्रथा रूढ होती. तीत निरनिराळ्या मिशनक्षेत्रांची वार्तापत्रे वाचून मग त्या त्या प्रदेशासाठी प्रार्थना केली जाई.

या प्रार्थनांचा हेतू कळकळीचा असला, तरी त्यांत एक विषमता होती. प्रार्थना करणारा देणारा आणि ज्याच्यासाठी करावयाची तो केवळ घेणारा, असे नाते त्यांतून सूचित होई. ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती, त्या लोकांना आपला धर्म व आपली परंपरा यांविषयी काय वाटते, हा प्रश्न सहसा विचारला जात नसे. मिशनरींच्या वार्तापत्रांतून मराठी समाजाचे जे चित्र दूरदेशी पोहोचे, त्यात अंधाराच्या छटाच गडद असत. कारण तेच चित्र प्रार्थनेस व देणगीस प्रवृत्त करणारे होते.

याच संदर्भात पंजाबातील लुधियाना येथून निघालेले आवाहन उल्लेखनीय आहे. १८५७ च्या उठावानंतर वर्षभराने, १८५८ मध्ये, तेथील अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने जगातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांनी जानेवारी १८६० मधील एक आठवडा प्रार्थनेत घालवावा, असे सुचविले. १८४६ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या इव्हँजेलिकल अलायन्स या आंतरपंथीय संघटनेने ही सूचना उचलून धरली व वर्षारंभीचा प्रार्थना-सप्ताह निरनिराळ्या देशांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रूढ झाला. भारतातील एका मिशनक्षेत्राने सुचविलेली प्रथा युरोप-अमेरिकेतील मंडळ्यांनी स्वीकारल्याचे हे उदाहरण होय. मात्र आवाहन करणारे परदेशी मिशनरी होते. भारतीयांचा स्वतःचा आवाज त्यात अद्याप उमटला नव्हता.

जालना-भोकरदन परिसर : जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातील भोकरदन हे केळणा नदीकाठचे तालुक्याचे ठिकाण प्राचीन काळी भोगवर्धन या नावाने प्रसिद्ध होते. तेथील दात्यांचे उल्लेख सांची व भारहूत येथील बौद्ध शिलालेखांत आढळतात. दूरच्या पुण्यक्षेत्री आपल्या गावाच्या नावासह धर्मकृत्य नोंदविण्याची ही प्रथा पाहता, ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी दोन हजार वर्षे येथील लोकांना सामुदायिक धर्मजीवन परिचित होते, असे दिसते. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यानंतरही तो औरंगाबाद जिल्ह्यात (आता छत्रपती संभाजीनगर) राहिला व १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या भागातील प्रॉटेस्टंट कार्याशी रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे नाव निगडित आहे. ते देशस्थ ब्राह्मण कुटुंबातील होते. मुंबईतील स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकत असता त्यांच्यावर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडला व १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या आश्रयास गेला. परंतु तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या हिंदू समाजात मोठा वाद झाला व बाळशास्त्री जांभेकर यांनी त्यास परत घेण्याचा पक्ष धरला. एकाच घरातील दोन भावांच्या या कथेवरून धर्मांतराने कौटुंबिक नाती किती तीव्रतेने तुटत, हे दिसून येते. धर्मांतरित व्यक्ती केवळ पंक्तीस मुकत नसे. आजारपणात तिच्यासाठी देवाला साकडे घालणारे आणि मृत्यूनंतर तर्पण-श्राद्ध करणारे आप्तही ती गमावीत असे. प्रॉटेस्टंट पंथात मृतांसाठी प्रार्थना नसल्याने यांपैकी दुसरी उणीव भरून निघणे शक्य नव्हते. पहिली मात्र मंडळीला भरून काढता येण्यासारखी होती.

शेषाद्री यांना १८५४ मध्ये धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली. पुढे त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र निवडले आणि निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या राजवटीत मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. बेथेल या हिब्रू नावाचा अर्थ ‘देवाचे घर’ असा आहे. तेथील धर्मांतरितांत मांग व महार समाजांतील कुटुंबांचा भरणा होता. गावगाड्यात ज्यांना देवळाच्या आत प्रवेश नव्हता व चावडीवर ज्यांच्या वतीने बोलणारा कोणी नव्हता, अशा कुटुंबांच्या दृष्टीने मंडळीच्या उपासनेत स्वतःचे नाव घेतले जाणे, तसेच दुसऱ्याचे नाव स्वतः घेणे, ही सामाजिकदृष्ट्याही नवी गोष्ट होती. प्रेसबिटेरियन पद्धतीत रविवारच्या उपासनेतील प्रार्थना धर्मोपदेशक करतो. पण आठवड्यातील प्रार्थनासभेत सामान्य सभासदही उठून प्रार्थना करू शकतो. जन्माने ब्राह्मण असलेला धर्मोपदेशक आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील सभासद यांनी एकमेकांसाठी एकाच देवाकडे मागणे करावे, अशी ही व्यवस्था होती. शास्त्रवचनानुसार या मंडळीने ज्या राज्यकर्त्यासाठी प्रार्थना करावयाची, तो निजाम धर्माने मुसलमान होता, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

इव्हँजेलिकल अलायन्सचे अधिवेशन १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरले, तेव्हा नारायण शेषाद्री यांनी तेथे भाषण केले. लुधियानाच्या आवाहनानंतर सुमारे पंधरा वर्षांनी प्रार्थना-सप्ताह चालविणाऱ्या त्याच संघटनेच्या व्यासपीठावर एक मराठी धर्मोपदेशक पागोटे घालून उभा होता. शेषाद्री १८९१ मध्ये परदेशप्रवासातून परतताना समुद्रावर निधन पावले.

मुक्तिमिशन : प्रार्थनेचा विषय असलेल्या व्यक्ती प्रार्थनेच्या कर्त्या झाल्या, या बदलाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठसठशीत उदाहरण पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्तिमिशनमध्ये सापडते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला व १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सु. तीनशे निराधार मुली व स्त्रिया आणल्या. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ही संख्या झपाट्याने वाढून दोन हजारांच्या आसपास गेली. केडगावी शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना असे उद्योग चालत. अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र सदन होते. निधीसाठी ठराविक पाठबळावर विसंबून न राहता प्रार्थनेवर विसंबावे, ही ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर याच्या अनाथाश्रमाची रीत रमाबाईंना प्रभावी वाटली होती. या काळात युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील अनेक ख्रिस्ती मंडळ्या केडगावच्या स्त्रियांसाठी प्रार्थना करीत. दुष्काळाने हाडांचा सापळा झालेल्या मुलींची छायाचित्रे तेथील नियतकालिकांतून छापून येत व त्यांतून करुणा जागृत होई.

१९०४ मध्ये वेल्समध्ये मोठी धर्मजागृती झाली. तिचे पडसाद १९०५ च्या आरंभी खासी टेकड्यांतील मंडळ्यांत उमटले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील घरोघरच्या प्रार्थनामंडळांची वार्ताही केडगावी पोहोचली होती. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी केडगावी एक विशेष प्रार्थनामंडळ सुरू केले. आरंभी सु. ७० जणी रोज सकाळी जमत. त्यांच्या प्रार्थनेचा पहिला विषय अन्यधर्मीय हा नव्हता. स्वतःसह सर्व भारतीय ख्रिस्ती लोकांचे अंतःकरण खरोखर पालटावे, हा होता. ‘स्वतःसह’ या शब्दाला येथे महत्त्व आहे. मागील शतकातील मिशनप्रार्थनांत प्रार्थना करणारा स्वतःला बहुधा वगळीत असे. जूनपर्यंत जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली व दिवसातून दोन सभा होऊ लागल्या. जूनच्या अखेरीस उत्कट पश्चात्तापाचे व अश्रूंचे प्रसंग घडू लागले. शाळा व कामे काही काळ बाजूला राहिली. शेकडो जणींनी एकाच वेळी मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करणे हे या सभांचे वैशिष्ट्य होते.

या प्रकारावर टीकाही झाली. हा भावनांचा उद्रेक आहे, अल्पवयीन मुलींच्या मनावर त्याचा ताण पडतो, उपासनेतील शिस्त बिघडते, असे आक्षेप काही मिशनरींनीही घेतले. रमाबाईंनी त्यास उत्तर देताना भारतीय स्त्रियांच्या भक्तीला तिच्या स्वाभाविक रीतीने व्यक्त होऊ द्यावे आणि पाश्चात्त्य शिष्टाचाराचे माप तिला लावू नये, अशी भूमिका घेतली. कीर्तन-पुराणांच्या वातावरणात वाढलेल्या व स्वतः पुराणिक म्हणून भारतभर हिंडलेल्या रमाबाईंना टाळ्या, अश्रू व सामूहिक स्वर यांत गैर वाटण्यासारखे काही नव्हते.

केडगावच्या मध्यस्थीचे स्वरूप पद्धतशीर होते. संस्थेच्या मुक्ति प्रेअर बेल या इंग्रजी पत्रिकेतून देशविदेशांतील मित्रांशी संबंध राखला जाई. मिशनरी, आश्रयदाते, धर्मोपदेशक, आजारी व्यक्ती यांच्या नावांच्या याद्या मुलींमध्ये वाटल्या जात आणि त्या रोज नावे घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करीत. स्त्रियांची प्रार्थनापथके आसपासच्या गावी जात. ज्यांच्या छायाचित्रांनी काल दूरदेशी करुणा जागविली, त्याच मुली आज त्या दात्यांची नावे घेऊन देवाकडे त्यांच्यासाठी मागत होत्या. या संस्थेतील मिनी एब्रम्स या अमेरिकन कार्यकर्तीने १९०६ मध्ये केडगावच्या अनुभवावर आधारित एक इंग्रजी पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेतील चिली देशात व्हॅलपरायसो येथे हूव्हर या मिशनरी दांपत्याकडे पोहोचली व १९०९ मध्ये तेथे सुरू झालेल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या प्रेरणांपैकी एक ठरली. मराठी मुलुखातील एका स्त्रीसंस्थेने दूरच्या खंडातील धर्मजीवनावर असा ठसा उमटविला.

रमाबाईंच्या दृष्टीने प्रार्थना व कृती यांत अंतर नव्हते. दुष्काळग्रस्तांसाठी प्रार्थना करणे आणि त्यांना आणण्यासाठी स्वतः दुष्काळी भागात जाणे ही एकाच कार्याची दोन अंगे होती. भुकेल्याला अन्न न देता केवळ शुभेच्छा देणे व्यर्थ आहे, या याकोबाच्या पत्रातील इशाऱ्याशी हे सुसंगत आहे.

कॅथलिक परंपरा : वसई, मुंबईची बेटे, साष्टी व गोवा या भागांतील रोमन कॅथलिक समाजात मध्यस्थीची कल्पना अधिक व्यापक आहे. जिवंत, मृत व संत हे सर्व एकाच मंडळीचे घटक होत, या श्रद्धेमुळे संतांकडे ‘आमच्यासाठी विनंती करा’ अशी याचना केली जाते आणि मृतांसाठी मिस्सा अर्पण केला जातो. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. गोव्यात घरी अथवा खुरसाजवळ सामूहिकपणे म्हटल्या जाणाऱ्या विनवणीमालेस लदीन म्हणतात. मुंबईच्या जुन्या गावठाणांत १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत अनेक क्रूस उभारले गेले व रोगनिवारणासाठी शेजारीपाजारी त्यांच्याभोवती जमून प्रार्थना करू लागले. त्यांपैकी कित्येक क्रूस आजही टिकून आहेत. वांद्र्याच्या डोंगरावरील मारियामातेच्या मंदिरात सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या जत्रेस अन्यधर्मीयही आप्तांसाठी नवस फेडण्यास येतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) १९६३ मध्ये उपासनाविषयक दस्तऐवज संमत करून मिस्सामधील लुप्त झालेल्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेचे पुनरुज्जीवन केले. मिस्सा मराठीत होऊ लागल्यावर सामान्य सभासद वेदीजवळ येऊन चर्च, देश, पीडित आणि स्थानिक मंडळी यांच्यासाठी मराठीतून याचना वाचू लागले.

मराठी धर्मपरंपरांशी तुलना : दुसऱ्यासाठी मागणे ही गोष्ट मराठी मनाला अपरिचित नव्हती. ज्ञानेश्वरीच्या अखेरीचे पसायदान हे सर्व प्राणिमात्रांसाठी केलेले मागणे असून त्यात दुष्टांचा नाश नव्हे, तर त्यांच्या दुष्टपणाचा नाश मागितला आहे. शत्रूसाठी प्रार्थना करण्याच्या ख्रिस्ती शिकवणुकीशी त्याचे जवळचे नाते आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी संतपरंपरेच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी भूमिका घेतली व मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग-भजनांचे वळण दिले. भेद आहे तो तपशिलात : पसायदान विश्वासाठी आहे, तर मंडळीची मध्यस्थी बहुधा नामनिर्देशपूर्वक असते. अमक्या घरचे मूल, तमक्या गावची विधवा असा तिचा रोख असतो. नवसाशी तुलना केल्यास दुसरा भेद दिसतो. नवसात देवाशी काही देण्याघेण्याचा करार असतो. मध्यस्थीत तो अभिप्रेत नाही, जरी लोकव्यवहारात या दोहोंची सरमिसळ आढळते. १८६७ मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या प्रार्थना समाजानेही साप्ताहिक सामुदायिक उपासनेचा अवलंब केला. पण मध्यस्थ, अवतार व चमत्कार या कल्पना त्यास मान्य नव्हत्या.

फलाचा प्रश्न : दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेचे फळ मोजता येते काय, हा प्रश्न आधुनिक काळात उपस्थित झाला. फ्रान्सिस गॉल्टन याने १८७२ मध्ये एका निबंधात असे दाखविले, की राजेरजवाड्यांच्या दीर्घायुष्यासाठी सर्वत्र प्रार्थना होत असूनही ते इतर सुस्थित वर्गांच्या मानाने अल्पायुषी असतात. अमेरिकेत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रार्थनेचा हितकारक परिणाम आढळला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना निश्चित माहीत होते, त्यांच्यातील ५९ टक्के रुग्णांत गुंतागुंत निर्माण झाली, तर ज्यांना ते निश्चित माहीत नव्हते पण ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती, अशांत हे प्रमाण ५२ टक्के होते. अशा चाचण्यांनी चमत्काराच्या दाव्यांना आळा बसतो, हे खरे. परंतु त्यांत प्रार्थना करणारे लोक रुग्णाला अनोळखी असतात व प्रार्थनेपलीकडे त्याच्याशी त्यांचा संबंध नसतो. मंडळीच्या मध्यस्थीत असा विलग संबंध क्वचितच असतो. ज्याचे नाव रविवारी घेतले, त्याच्या घरी सोमवारी कोणी विचारपूस करण्यास जाणे, ही अपेक्षा तीत गृहीत असते. त्यामुळे तिचे मोजमाप रोगमुक्तीच्या आकड्यांइतकेच परस्परसंबंधांच्या दृढतेवरूनही करावे लागते. धर्मशास्त्रज्ञांच्या मते तर देवाचे मन वळविणे हा तिचा हेतूच नसून प्रार्थना करणाऱ्याचे मन त्या व्यक्तीकडे वळविणे, हे तिचे पहिले कार्य होय.

सद्यःस्वरूप : १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया स्थापन झाले व त्यासह सहा चर्चसंस्थांचे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये विलीनीकरण झाले. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्त्यांसाठीच्या प्रार्थनेत ब्रिटिश राजाच्या जागी राष्ट्रपती व लोकनियुक्त शासन आले. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी पाळल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या जागतिक प्रार्थनादिनी दरवर्षी एका देशातील स्त्रिया सर्व जगासाठी उपासनाक्रम तयार करतात. त्यामुळे त्या देशाची माहिती करून घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करण्याची संधी मिळते. उपास-प्रार्थना, रात्रीची जागरण-प्रार्थना, ठरावीक वेळा वाटून घेऊन केलेली साखळी-प्रार्थना आणि घरोघरची प्रार्थनासभा हे प्रकार मराठी मंडळ्यांत प्रचलित आहेत. २०२० मधील करोना साथीत चर्चची दारे बंद असता अनेक मंडळ्यांनी दूरध्वनी व भ्रमणध्वनीवरून प्रार्थनासभा चालविल्या.

अन्यधर्मीय आजाऱ्याच्या घरी जाऊन केलेली प्रार्थना हा अलीकडे काही ठिकाणी वादाचा विषय झाला आहे. ती निरपेक्ष सदिच्छा की धर्मांतराचे साधन, असा प्रश्न विचारला जातो. एकोणिसाव्या शतकातील मिशनप्रार्थनांतील विषमतेचाच तो वेगळ्या रूपातील अवशेष म्हणता येईल. आपल्यासाठी कोणी, कशासाठी व आपल्या संमतीने प्रार्थना करीत आहे काय, हे जाणण्याचा अधिकार ज्याच्यासाठी प्रार्थना होते त्यालाही असतो, ही जाणीव ख्रिस्ती विचारवंतांतही वाढत आहे.

भोकरदनसारख्या तालुक्यांत ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प आहे. अशा ठिकाणी विखुरलेल्या कुटुंबांना मोठी चर्चवास्तू वा धनसंपन्न संस्था यांचा आधार असतोच असे नाही. दोन-तीन घरांनी एकत्र जमून परगावी गेलेल्यांची, आजाऱ्यांची व शेजाऱ्यांची नावे घ्यावीत, एवढे मात्र त्यांना सर्वत्र शक्य असते. यरुशलेमच्या घरातील आद्य सभेहून तिचे स्वरूप फारसे निराळे नाही. बेथेल येथे व पुढे केडगावी मराठी ख्रिस्ती समाजाने जो अधिकार मिळविला, तो याच रूपाने टिकून आहे : ज्यांच्या वतीने एके काळी इतर बोलत, त्यांनी स्वतः इतरांच्या वतीने बोलणे.